गाठीला सुई लावण्याआधी

अंगावर गाठ दिसली की ‘काढून टाका आणि तपासायला पाठवा’ हा सल्ला सहज दिला जातो. बहुतेक गाठी चरबीच्या, निरुपद्रवी असल्यामुळे तो खपूनही जातो. पण क्वचित ती गाठ सार्कोमा, म्हणजे हाडाचा किंवा स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांचा कॅन्सर असते. प्रौढांच्या कॅन्सरमध्ये त्याचे प्रमाण जेमतेम १ टक्का, म्हणून तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. पाच सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची किंवा वाढत जाणारी गाठ दुखत नसली तरी संशयास्पद मानावी; तसेच वाढत्या वयातल्या मुलांचे गुडघ्याजवळचे, झोपमोड करणारे, आठवडे उलटूनही न थांबणारे दुखणे. अशा वेळी आधी एक्स-रे, मग एमआरआय आणि त्यानंतरच बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे, हा क्रम पाळायला हवा, कारण सुई लावल्यावर आत रक्त साकळते, सूज येते आणि गाठीची खरी हद्द एमआरआयमध्ये धूसर होते.

बायोप्सी कोण करतो, हेही तितकेच महत्त्वाचे. सुईच्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात, म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही काढता येईल अशी आखावी लागते. ती भलतीकडून गेली, तर वाचू शकणारा पायही गमवावा लागतो. अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक हेन्री मॅनकिन यांनी सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये ३२९ आणि १९९६ मध्ये ५९७ रुग्णांच्या बायोप्सींची पाहणी प्रसिद्ध केली. मधल्या काळात फारसे काही सुधारले नव्हते. दुसऱ्या पाहणीतही सुमारे १८ टक्के निदाने चुकलेली होती, १८ जणांचे अवयव विनाकारण कापले गेले होते, आणि उपचारकेंद्राबाहेर झालेल्या बायोप्सीत चुका कितीतरी पटींनी जास्त होत्या.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो, मग बायोप्सीच नको’ असा अर्थ मात्र यातून काढू नये. नीट आखलेल्या बायोप्सीचा धोका अत्यल्प असतो आणि तिच्याशिवाय केमोथेरपी द्यायची की नाही हेच ठरत नाही. एमआरआयवरून गाठीचा विस्तार कळतो, नेमकी जात बहुधा कळत नाही. उलट, नुसता तुकडाही पुरत नाही: भरून येणारे फ्रॅक्चर सूक्ष्मदर्शकाखाली हाडाच्या कॅन्सरसारखे दिसू शकते, तर युइंग सार्कोमा हा हाडाचा कॅन्सर ताप-सुजेमुळे हाडातल्या जंतुसंसर्गासारखा वाटतो. म्हणून फिल्म आणि तुकडा शेजारी ठेवून रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन यांनी एकत्र निर्णय घ्यायला हवा. गावाकडून मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या केंद्रात जाणे खर्चाचे आणि दगदगीचे असते, हा आक्षेप खरा आहे. पण एक्स-रे आणि एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी करून ते केंद्राला दाखवता येतात. चुकलेला छेद मात्र परत घेता येत नाही. म्हणून सुई लावून घेण्याआधी रुग्णाने एवढे जरूर विचारावे: हा कॅन्सर निघाला तर ऑपरेशन कोण करणार, आणि बायोप्सीची जागा त्यांनी ठरवली आहे का?