सुधा चंद्रन आणि जयपूरचे पाऊल

भरतनाट्यममध्ये अरमंडी ही मूळ स्थिती मानली जाते. टाचा जुळवून, पावले व गुडघे बाहेरच्या अंगाला वळवून, पाठ ताठ ठेवत अर्धे खाली बसणे आणि त्याच अवस्थेत संपूर्ण तळव्याने भूमीवर आघात करणे, म्हणजे तट्ट अडवू, यांवर पुढचे सारे नृत्य उभे राहते. मुंबईत वाढलेल्या सुधा चंद्रन यांना १९८१ साली तमिळनाडूत बसचा अपघात झाला, जखमेत गँगरीन म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने होणारी ऊतींची सड पसरली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गुडघा वाचला ही बाब त्यांच्याविषयीच्या लेखनात सहसा एका ओळीत उरकली जाते. वास्तविक अरमंडीचा भार मांडी आणि गुडघा पेलत असल्यामुळे पुढच्या नृत्याची शक्यता त्या वाचलेल्या गुडघ्यावरच टिकून होती.

योगायोग असा की, त्याच वर्षी जयपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्या बातमीतून सुधा चंद्रन यांना ‘जयपूर फूट’चा पत्ता लागला. हे कृत्रिम पाऊल येण्यापूर्वी प्रचलित असलेले ‘सॅच’ हे पाश्चात्त्य पाऊल घट्ट घोट्याचे आणि मऊ टाचेचे असून बूट घालून चालणाऱ्यांसाठी बनलेले होते. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालणे अवघड जाई. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबर व लाकडाचे ठोकळे साच्यात बसवून, वर रबराचे आवरण व्हल्कनाइझ करून, म्हणजे उष्णतेने पक्के करून, घोट्यापाशी वाकणारे आणि अनवाणी वापरता येणारे पाऊल घडवले. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथे काळ्या चिखलात अनवाणी उतरावे लागते आणि पंगत जमिनीवरच बसते, या गुणांची महती वेगळी सांगावी लागत नाही. शेतात वावरणाऱ्याला हवे होते तेच भरतनाट्यमलाही हवे होते.

तरीही त्या पावलाला स्पर्शाची जाणीव नव्हती आणि प्रत्येक आघात खोबणीत बसवलेल्या उरलेल्या पायावर येत असल्यामुळे सरावात तो रक्ताळत असे. १९८४ साली सुधा चंद्रन पुन्हा रंगमंचावर आल्या. त्यांच्या जीवनावरील ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली, तिला १९८५ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि १९८६ मध्ये ‘नाचे मयूरी’ हिंदीत आला. या कीर्तीत जिद्दीचा गौरव भरपूर झाला, शर्मांसारख्या कारागिराचा फारसा झाला नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल.

बॅलेच्या इतिहासातही असेच दिसते. क्यूबाच्या अलिसिया अलोन्सो यांची दृष्टी डोळ्यातील पडदा सुटल्याने तरुणपणीच अधू झाली. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘जिझेल’ गाजवणाऱ्या या नर्तिकेला रंगमंचावरील दिव्यांच्या खुणा आणि ठरल्या जागी उभे राहणारे सहनर्तक यांचा आधार होता. कर्तृत्व त्यांचेच, पण ते एकटीचे नव्हते.

सुधा चंद्रन पुढे दूरचित्रवाणीवर दीर्घकाळ गाजल्या. तरीही विमानतळावर सुरक्षा तपासणीसाठी आपल्याला दरवेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, अशी तक्रार ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना जाहीरपणे पंतप्रधानांकडे करावी लागली. त्यानंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली.