संगणकाच्या आज्ञांचा ताळा

भागाकाराचें उदाहरण संपलें म्हणजे ताळा पाहावा, ही शिस्त आपणां सर्वांस लहानपणींच लागते. भाजकास भागाकारानें गुणावें व त्यांत बाकी मिळवावी. भाज्य आलें तर उदाहरण बरोबर, न आलें तर पुन्हां आरंभ. संगणकासाठीं आज्ञा लिहिणारासही हीच शिस्त पाळावी लागते. ती 'सी' भाषेंत कशी पाळतात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहोंत.

'सी' ही भाषा डेनिस रिची ह्यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. ती आटोपशीर व वेगवान आहे. परंतु लिहिणाराचा हेतु एक व आज्ञा भलतीच, असें झालें तर ती त्यास सावध करील असा भरंवसा नाहीं. ह्या भाषेंत मोठें काम लहान लहान भागांत वांटतात. अशा भागास फंक्शन म्हणतात. त्यास कांहीं संख्या द्याव्या व त्यानें उत्तर परत करावें, असा व्यवहार असतो. एकेका फंक्शनची स्वतंत्रपणें परीक्षा घेणें ह्यासच घटक-चाचणी असें नांव आहे.

समजा, वर्षाचे दिवस सांगणारें एक फंक्शन आम्हीं लिहिलें. चारांनीं भाग जाणारें वर्ष लीप. परंतु शंभरांनीं भाग गेल्यास तें लीप नव्हे. मात्र चारशेंनीं भाग गेल्यास पुन्हां लीप. आतां २०२३ व २०२४ हीं दोनच वर्षें तपासलीं, तर केवळ चारांचा नियम जाणणारें सदोष फंक्शनही उत्तीर्ण होईल! १९०० हें वर्ष विचारतांच मात्र त्याचें पितळ उघडें पडतें; कारण तें ३६६ सांगेल, आणि खरें उत्तर ३६५ आहे. तेव्हां परीक्षेचे प्रश्न नियमाच्या कडेकडेचे निवडावे.

प्रश्न अनेक झाले म्हणजे प्रत्येक वेळीं तुलना करा, चूक छापा, हें लिहितांना हात थकतो आणि चाचणींतच चुका शिरतात. म्हणून एक लहानसें मदतनीस फंक्शन एकदांच लिहून ठेवावें. त्यास आपण 'ताळा' म्हणूं. त्यास तीन संख्या द्यावयाच्या: अपेक्षित उत्तर, मिळालेलें उत्तर व ओळीचा क्रमांक. दोन्ही उत्तरें जुळलीं तर त्यानें गप्प राहावें. न जुळलीं तर "ओळ ४२: अपेक्षित ३६५, मिळालें ३६६" असें छापावें व चुकांच्या मोजणींत एक मिळवावा. शेवटीं एकूण चुका सांगाव्या. एवढें काम पांचसहा ओळींत होतें. 'सी' मध्यें 'अ‍ॅसर्ट' नांवाची तयार सोय आहेच. परंतु ती पहिल्याच चुकीपाशीं सर्व काम थांबविते. 'ताळा' पुढें चालत राहतो, व सर्व दोष एकदम दिसतात.

ओळीचा क्रमांक भाषा स्वतः पुरविते; पण तो 'ताळ्या'च्या आंत मागितला तर 'ताळ्या'चीच ओळ मिळते, चुकलेल्या प्रश्नाची नव्हे. म्हणून बाहेरून एक मॅक्रो लावतात. मॅक्रो म्हणजे एका शब्दाच्या जागीं ठरलेला मजकूर आधींच भरून ठेवण्याची सोय. त्यामुळें जेथें प्रश्न विचारला तेथलाच क्रमांक पुढें जातो.

शब्द व अपूर्णांक ह्यांसाठीं मात्र निराळे मदतनीस हवेत. दोन शब्द बरोबरीच्या चिन्हानें ताडून पाहिले, तर 'सी' अक्षरें न पाहतां तीं स्मृतींत कोठें ठेविलीं आहेत तेवढेंच पाहते. तसेंच ०.१ व ०.२ ह्यांची संगणकानें केलेली बेरीज तंतोतंत ०.३ भरत नाहीं. तेथें अल्पसा फरक क्षम्य धरावा लागतो.

इतकी काळजी कशाला, असें कोणी म्हणेल. ता. ३१ डिसेंबर २००८ रोजीं मायक्रोसॉफ्टचीं 'झून' नांवाचीं, ३० गिगाबाइट क्षमतेचीं गाणीं ऐकण्याचीं यंत्रें एकाएकीं बंद पडलीं. एकूण दिवसांवरून वर्ष काढणारा एक लहानसा भाग 'सी' मध्यें लिहिलेला होता. दिवस ३६५ हून अधिक आहेत तोंवर वजाबाकी चालूं ठेवावी, आणि लीप वर्षीं ते ३६६ हून अधिक असतील तरच ३६६ वजा करावे, अशी त्यांत आज्ञा होती. बरोबर ३६६ उरले तर काय करावें, हें लिहिलेंच नव्हतें! यंत्र त्याच फेऱ्यांत फिरत राहिलें. लीप वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा एक प्रश्न आधीं विचारला असता, तर चाचणीच तेथें अडकून दोष वेळींच कळला असता.

शेवटीं दोन सूचना. अपेक्षित उत्तर आपण स्वतः हातानें काढावें. फंक्शननें दिलेलेंच उत्तर उतरून घेतलें, तर तो ताळा नव्हे, नक्कल होय. दुसरें, 'ताळ्या'चीही परीक्षा घ्यावी. मुद्दाम चुकीचें उत्तर देऊन पाहावें. तरीही तो गप्प राहिला, तर त्याच्या मौनावर कधींही विश्वास ठेवूं नये. चूक दाखविण्याची ज्यास शक्ति आहे, त्याच्याच होकारास किंमत असते.