जागणारा

तूर-हरभरा निघाला की वाशीम जिल्ह्यातली काळी रानं मोकळी होतात आणि मेंढरं येतात. शेतकरी रात्रभर ती शेतात बसवून घेतो, धनगराला धान्य किंवा पैसे देतो, आणि लेंड्या नि मूत आयतं मातीत मुरतं. जाळीच्या आत कळप, बाहेर कुत्री, आणि कडेला घोंगडीत बसलेला एक माणूस. त्याची पहाटेची एक डुलकी लांडग्याला पुरते.

याच माणसात बायबलला देव दिसला. मेंढपाळ म्हटलं की आपल्यापुढे कॅलेंडरवरचा येशू येतो: खांद्यावर कोकरू, अंगात शुभ्र झगा. मला तो झगाच पटत नाही. बायबलमधला मेंढपाळ हा हिशेबात अडकलेला चाकरमाणूस आहे.

याकोबाचंच बघा. मामाच्या, म्हणजे लाबानाच्या घरी तो २० वर्षं राबला; १४ मामाच्या दोन मुलींसाठी, ६ कळपासाठी. श्वापदानं जनावर फाडलं तर उरलेलं धन्याला पुरावा म्हणून दाखवायचं आणि भरपाईतून सुटायचं, असा नियम पुढे मोशेच्या कायद्यात आला. आमोस संदेष्टा सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढणाऱ्या मेंढपाळाबद्दल लिहितो. कानाच्या तुकड्यासाठी सिंहाशी झोंबी? पण तो कान म्हणजे पावती आहे! याकोब मात्र मामाला ऐकवतो की फाडलेलं जनावर मी तुला दाखवायलाही आणलं नाही, नुकसान स्वतः सोसलं. दिवसा उन्हानं पोळलो, रात्री गारठलो, डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढे हाच याकोब मिसर देशात मरणाला टेकतो. नातवांना आशीर्वाद देताना म्हणतो, देवानं जन्मभर माझी राखण मेंढपाळासारखी केली. देवाला मेंढपाळ म्हणण्याची बायबलमधली ही पहिली वेळ. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ही उपमा कुणा कवीला टेकडीवर बसून सुचलेली नाही. २० वर्षांची जागरणं ज्याच्या डोळ्यांत साचली होती, त्याच्या तोंडून ती आली.

वाशीम शहरात नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे, म्हणजे बायबल या मुलखाला नवं नाही. देवाला मेंढपाळ म्हणणारं २३वं स्तोत्र ख्रिस्ती घरांत लहानपणीच पाठ होतं. मूळ हिब्रूत, मथळा सोडला तर, त्याचे शब्द ५५. सुरुवातीला देव ‘तो’ असतो. वाट काळोख्या दरीत उतरते आणि ‘तो’चा एकदम ‘तू’ होतो: तू माझ्याजवळ आहेस, अशा अर्थाचे तीन शब्द. त्यांच्याआधी २६, नंतर २६. मी बोटांवर मोजून पाहिले.

स्तोत्राच्या शेवटाकडे ‘हेसेद’ हा शब्द येतो. मराठीत त्याला दया म्हणतात, पण ते तोकडं पडतं. हेसेद म्हणजे जोडलेल्या नात्याला, दिलेल्या शब्दाला जागणं. आणि इथे मराठी हिब्रूच्याही पुढे जाते असं मला वाटतं. १२१व्या स्तोत्रातला राखणदार देव डुलकीही घेत नाही, तो जागतो. शब्दालाही जागतोच. दोन्हींना आपल्याकडे क्रियापद एकच!

प्रचलित मराठी भाषांतरात २३व्या स्तोत्रातली ही दया भक्ताला ‘लाभते’. मूळ क्रियापद आहे ‘रादफ’: पाठलाग करणं, शत्रू करतो तसा.

दयेनं कुणाच्या मागे लागावं, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. मग सकाळी मेंढरं हलताना पाहिली. पुढे काठीवाला. अगदी मागे, धुळीत, दुसरा गडी आणि दोन कुत्री, रेंगाळणाऱ्या लंगड्या मेंढीच्या मागे मागे. ती मान वळवून बघायची आणि घाबरून चार पावलं पळायची, कळपाच्या दिशेनं.