आधी जिना, मग मेन्यू

नव्या रेस्टॉरंटमध्ये शिरल्यावर तुम्ही आधी काय बघता? मेन्यू? एसीखालचं टेबल? आमचे बाबा जिना बघायचे. लग्नाचा हॉल असो, मल्टिप्लेक्स असो, माझ्या मैत्रिणीचं अठराव्या मजल्यावरचं घर असो... दुसरा जिना कुठे, त्याचं दार उघडतं का, हे पाहूनच ते खुर्चीत टेकायचे. कॉलेजात असताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. 'बाबा, पुरे ना आता!'

बाबा मुंबई अग्निशमन दलात होते. पस्तीस वर्षं! आम्ही वाढलो क्वार्टर्समध्ये. खाली घंटा झाली की वर जेवणं थांबायची. वर्दी आली! बघता बघता बंब गेटबाहेर. आई काही न बोलता त्यांचं ताट झाकून ठेवायची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर ते घरी असल्याचं मला आठवतच नाही. तुमचं रॉकेट कुणाच्या तरी गॅलरीत शिरायचं आणि आमचे बाबा त्याच्यामागे.

पण ड्यूटी संपवून आले, की अंगाचा धूर धुऊन आधी माझी वेणी घालायचे. इतकी घट्ट, की संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही! शाळेतल्या पालकसभेला एकदा तसेच युनिफॉर्ममध्ये आले होते, आणि मी मात्र 'कसला वास येतोय' म्हणून लांब उभी राहिले होते. हे आठवलं की अजून लाज वाटते.

2013 मध्ये ते रिटायर झाले. दर 14 एप्रिलला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून मानवंदनेला जायचेच. 1944 साली त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे 66 जण गेले. 9 मे 2015 ला काळबादेवीची गोकुळ निवास पेटली, इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले. सुधीर अमीन आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर पुढे हॉस्पिटलमध्ये. बाबा टीव्हीसमोर बसून होते, एक शब्द नाही. त्या रात्री गॅसचा रेग्युलेटर बघायला ते तीनदा उठले.

मग 29 डिसेंबर 2017. कमला मिल्स. माझं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर. 14 माणसं गेली, बरीचशी वॉशरूममध्ये गुदमरून. 'पाणी असतं म्हणून माणूस तिकडे पळतो,' बाबा म्हणाले, 'पण तिथून बाहेर पडायला वाट नसते. आणि धुरात सगळे आलो त्याच दाराकडे धावतात. म्हणून दुसरं दार आधीच बघून ठेवायचं. खाली वाकून, रांगत तिकडे जायचं. आगीआधी धूर मारतो, बाळा.' मग सहज विचारल्यासारखं, 'तुझ्या ऑफिसचा जिना कुठे आहे?'

मला सांगता येईना. तीन वर्षं रोज लिफ्टने जात होते!

सोमवारी ते डबा द्यायच्या निमित्ताने ऑफिसात आले. (डबा मी विसरले नव्हते, त्यांनीच घरी काढून ठेवला होता.) अकरा मजले आम्ही चालत उतरलो. पाचव्या मजल्यावरच्या दाराला टेकून कुणीतरी खोकी रचली होती. सिक्युरिटीवाला 'साहेब, राहू द्या' म्हणत होता, तोवर बासष्ट वर्षांच्या बाबांनी ती एकेक करून बाजूला केली. मी तेव्हाही इकडेतिकडेच बघत होते... कुणी ओळखीचं नाही ना!

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेले, घरच्या पलंगावर. पस्तीस वर्षं आईने घंटा झाली की देवाकडे एवढंच मागितलं असणार.

गेल्या आठवड्यात आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी आली. कॉफी मशीन दाखवायच्या आधी मी तिला जिन्याने खाली नेलं. हिचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी ती माझ्याकडे बघत होती. पाचव्या मजल्यावर परत खोकी होती. दोघींनी मिळून हलवली.