नालवाडीचा सूर्यास्त आणि एक लहानसे अ‍ॅप

चातुर्मास लागला की आपल्या घरांतील घड्याळाचे महत्त्व वाढते. नवकारसी केव्हा पारायची, पोरिसी किती वाजता येते, चौविहारासाठी पाणी केव्हा पिऊन घ्यावयाचे, असे प्रश्न रोज विचारले जातात. उत्तर बहुधा भिंतीवरील पत्रकात शोधले जाते. ते पत्रक कोणत्या गावचे आहे, हे मात्र फार थोडे जण पाहतात.

वर्ध्याजवळच्या नालवाडीतील एखादे घर घेऊ. मुंबईच्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठविलेले पच्चक्खाणाचे पत्रक तेथे लावले आहे. जुलैच्या मध्यावर मुंबईत सूर्य सुमारे ७ वाजून २० मिनिटांनी मावळतो. नालवाडीत मात्र तो सातच्या सुमारासच मावळलेला असतो. पत्रकावर विसंबून सव्वासातला पाणी पिणाऱ्या आजींचा चौविहार त्यांच्या नकळत मोडतो. श्रद्धेत उणीव नसते, हिशेबात असते.

हा हिशेब सोपा आहे. पृथ्वी एक रेखांश फिरण्यास ४ मिनिटे घेते. मुंबई आणि वर्धा यांच्यामध्ये सुमारे पावणेसहा रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे सुमारे २३ मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र सर्व देशाचे एकच, ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेले. त्यात अक्षांशाचाही थोडा वाटा मिसळतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणांच्या सूर्यास्तातील अंतर उन्हाळ्यात सुमारे २० मिनिटे राहते, तर हिवाळ्यात सुमारे २६ मिनिटांपर्यंत जाते. उलट, वर्ध्याचे पत्रक खिशात घालून माल खरेदीसाठी मुंबईस गेलेला व्यापारी तेथे नवकारसी वीस-पंचवीस मिनिटे आधीच पारून बसेल.

ही चूक दूर करणारे अ‍ॅप बाजारात शोधता येईल. परंतु घरातील नववी-दहावीच्या किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी ते स्वतः का बांधू नये? संगणकाच्या पडद्यावर चालणारी अशी साधने ज्या तंत्राने घडतात, ते तंत्र शिकण्यास याहून चांगला पहिला पाठ मिळणे कठीण आहे.

नालवाडीची शिकवण

हे सुचविण्यास नालवाडीहून योग्य गाव कोणते? १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहावयास आले. केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. कातणाऱ्याची मजुरी पोटापुरती होते की नाही, हे पुस्तकात न शोधता त्यांनी स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या पोटाने तपासले. १९३८ मध्ये प्रकृती ढासळल्यावर ते पवनारला गेले. तत्पूर्वी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा त्या समितीचे सदस्य होते. तीतून जी नई तालीम आकारास आली तिचे सूत्र असे : प्रथम उपयोगी वस्तू हाती घ्यावी आणि ती घडविताना लागेल ते ज्ञान त्या ओघात मिळवावे. टकळीवर सूत काततानाच तारांची मोजदाद येते, मोजदादीतून गणित येते.

आपल्या समाजाचे विनोबांशी आणखी एक नाते आहे. सर्व जैन पंथांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, ही प्रेरणा त्यांचीच. त्यातून जिनेंद्र वर्णी यांच्या संकलनाने ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले आणि भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७४ मध्ये, दिल्लीच्या संगीतीत त्याला मान्यता मिळाली. तेव्हा नालवाडीचा हा धडा आपणांस परका नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

ब्राउझरमध्ये चालणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. या भाषेत पडद्यावरील प्रत्येक आकडा बदलण्याची आज्ञा आपणच द्यावी लागते. गाव बदलले, तर सूर्योदयाचा आकडा बदला, मग सूर्यास्ताचा, मग पोरिसीचा. एक जागा विसरली की पान खोटे बोलू लागते.

हे ओझे उचलण्यासाठी फ्रेमवर्क निघाली. फ्रेमवर्क म्हणजे तयार चौकट. घर बांधताना खांब आणि तुळया आधीच उभ्या मिळाव्यात तशी. त्याच कामासाठी फेसबुकने २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट सर्वांना खुले केले. २०१४ मध्ये एव्हन यू यांनी व्ह्यू प्रसिद्ध केले. हे गृहस्थ मूळचे कला आणि कलेतिहासाचे विद्यार्थी. नवशिक्यास व्ह्यू सोयीचे पडते, कारण साध्या पानात एका ओळीने ते जोडता येते. जुना लॅपटॉप आणि एक ब्राउझर एवढ्यावर आरंभ होतो.

पाच संध्याकाळचा अभ्यास

पहिल्या संध्याकाळी एक कोरे पान करावे, त्यात व्ह्यू जोडावे आणि पडद्यावर केवळ ‘नालवाडी’ हे नाव उमटवावे. नाव थेट पानात न लिहिता ते एका ‘रेफ’मध्ये ठेवावे. रेफ म्हणजे फ्रेमवर्कच्या नजरेखालील डबा. डब्यातील वस्तू बदलली की ती जेथे जेथे दाखविली आहे तेथे तेथे आपोआप बदलते.

दुसऱ्या संध्याकाळी गावांची निवड द्यावी : नालवाडी, नागपूर, पुणे, मुंबई. निवडपेटीस ‘व्ही-मॉडेल’ने त्या डब्याशी बांधावे. प्रत्येक गावासोबत त्याचे अक्षांश आणि रेखांश नोंदवावेत. वर्ध्याचे अक्षांश सुमारे २०.७५ उत्तर आणि रेखांश ७८.६० पूर्व. नालवाडी शहरास लागूनच असल्याने फरक काही सेकंदांचाच.

तिसरी संध्याकाळ सूर्याची. अक्षांश, रेखांश आणि तारीख दिली की सूर्योदय-सूर्यास्त काढून देणारी सनकॅल्क नावाची विनामूल्य लायब्ररी उपलब्ध आहे. तिचा उपयोग अवश्य करावा, परंतु ती काय करते तेही समजून घ्यावे. सूर्याची वरची कडा क्षितिजाखाली गेली की सूर्यास्त मानतात. त्या क्षणी सूर्यबिंबाचा मध्य प्रत्यक्षात क्षितिजाच्या सुमारे ५० कला खाली असतो, कारण वातावरण किरणांना वाकवून सूर्य किंचित वर दाखविते.

येथे जावास्क्रिप्टचा एक सापळा आहे. ही भाषा महिने शून्यापासून मोजते. जानेवारी ०, मार्च २. मार्चसाठी सवयीने ३ लिहिले तर पान निमूटपणे एप्रिलच्या वेळा दाखविते आणि सूर्यास्त आठ-दहा मिनिटांनी पुढे जातो. कोठेही लाल अक्षरांत चूक दिसत नाही. म्हणून आलेले उत्तर स्थानिक पंचांगाशी ताडून पाहावे आणि एखाद्या निरभ्र संध्याकाळी गच्चीवर जाऊन डोळ्यांनीही पाहावे.

चौथी संध्याकाळ सर्वांत महत्त्वाची. सूर्योदय आणि सूर्यास्त हाती आले की बाकी सर्व वेळा त्यांतूनच निघतात. समजा, एखाद्या दिवशी सूर्योदय ६.२० ला आणि सूर्यास्त ६.२८ ला आहे. दिनमान १२ तास ८ मिनिटे. त्याचा चौथा भाग म्हणजे प्रहर, ३ तास २ मिनिटे. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटांनी, ७.०८ ला नवकारसी. एक प्रहर झाल्यावर ९.२२ ला पोरिसी, दीड प्रहरानंतर १०.५३ ला साढपोरिसी, दोन प्रहरांनी १२.२४ ला पुरिमड्ढ, तीन प्रहरांनी दुपारी ३.२६ ला अवड्ढ. दिवसाची अखेरची दोन घटिकाही भोजनासाठी वर्ज्य मानणाऱ्या घरांसाठी सूर्यास्तातून ४८ मिनिटे वजा करावीत, ५.४० ही वेळ मिळते.

नवशिका येथे एक चूक हमखास करतो. तो या प्रत्येक वेळेसाठी वेगळा डबा करतो आणि गाव बदलल्यावर त्यांतील एखादा बदलण्यास विसरतो. मग पडद्यावर सूर्यास्त नालवाडीचा आणि पोरिसी मुंबईची! योग्य रीत अशी की डबे दोनच ठेवावेत, गाव आणि तारीख. बाकी सर्व ‘कंप्युटेड’, म्हणजे हिशेबाने निघणारे. गाव बदलताच फ्रेमवर्क त्यांचा हिशेब स्वतःच पुन्हा मांडते.

पाचव्या संध्याकाळी नीटनेटकेपणा. वेळेची एक ओळ, म्हणजे नाव आणि तास-मिनिटे, हा एक ‘कॉम्पोनंट’ करावा. ‘व्ही-फॉर’ने तीच ओळ प्रत्येक पच्चक्खाणासाठी पुन्हा वापरावी. अक्षरे आजी-आजोबांना चष्म्याविना दिसतील एवढी मोठी असावीत.

वहीखात्याची जुनी शिस्त

चौथ्या संध्याकाळचा पाठ आपल्या पेढ्यांवर फार पूर्वीपासून चालत आला आहे. कीर्दीत व्यवहार एकदाच नोंदवायचा. खतावणी त्या नोंदींवरून निघते आणि ताळेबंद खतावणीवरून. शिल्लक कोणी मनाने लिहीत नाही, ती नोंदींतून यावी लागते. ज्या दिवशी शिल्लक नोंदींशी न जुळता स्वतंत्रपणे लिहिली जाते, त्या दिवशी पेढीच्या पतीला तडा जातो. फ्रेमवर्कचे मर्म हेच आहे : मूळ नोंद एक, बाकी सर्व तीतून निघालेले. परदेशांतील मोठमोठ्या कंपन्यांचे अभियंते ज्यासाठी पुस्तके लिहितात, ते आपल्या मुनीमजींना ठाऊक होते. अनावश्यक साठा करू नये, हा अपरिग्रहाचा विचारही येथे सहज लागू पडतो. साठविलेली प्रत्येक जादा वस्तू सांभाळावी लागते, आणि सांभाळण्यात चूक झाली की तीच असत्य बोलते.

म्हणूनच हे पहिले अ‍ॅप झाले की दुसरे दुकानाच्या उधारीचे करावे. त्यात गिऱ्हाइकाची बाकी कधीही साठवू नये. दिलेला माल आणि आलेली रक्कम एवढ्याच नोंदी ठेवाव्यात, बाकी कंप्युटेड असावी. ज्या मुलीने पोरिसीचा हिशेब बांधला तिला उधारीचा हिशेब नवा वाटणार नाही, आणि दुकानात बसलेल्या वडिलांशी तिचे बोलणे एका नव्या विषयावर सुरू होईल.

अखेरचे अर्धे मिनिट

काम संपत आले असे वाटते तेव्हा एक प्रश्न उरतो. सूर्यास्ताचे उत्तर ६ वाजून २८ मिनिटे ४० सेकंद असे येते. पडद्यावर काय दाखवायचे? जवळच्या पूर्ण मिनिटाकडे गेले तर ६.२९. परंतु त्या वीस सेकंदांत सूर्य मावळलेला असेल. म्हणून सूर्यास्त नेहमी मागच्या मिनिटावर आणावा, ६.२८. नवकारसी आणि पोरिसी मात्र पुढच्या मिनिटावर न्याव्यात, म्हणजे त्या वेळेपूर्वी पारल्या जाणार नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी ‘फ्लोअर’ आणि ‘सील’ असे दोन वेगळे शब्द आहेत. कोणता कोठे वापरायचा, हे भाषा सांगत नाही. ज्याच्या व्रतासाठी ते साधन आहे त्याचा विचार करूनच ते ठरवावे लागते. डोंगर, धुके, स्थानिक परंपरा यांमुळे संघात याहून अधिक सावधगिरी पाळली जात असेल, तर साधू-साध्वीजींना विचारून आणखी काही मिनिटे आत घ्यावीत.

मुलांना संगणक शिकविताना आपण सहसा नोकरी, पगार आणि परदेश यांचा विचार करतो. तो चुकीचा नाही. पण ज्या मुलाने आजीच्या चौविहारासाठी अर्धे मिनिट मागे घेण्याचा विचार केला, त्याला उद्या कोणत्याही पेढीचे किंवा बँकेचे काम सोपविताना धाकधूक वाटणार नाही. येत्या पर्युषणापूर्वी घरोघरी हे पाच संध्याकाळचे काम व्हावे. तयार झालेले पान आजींच्या फोनवर उघडून द्यावे, आणि त्या दिवशी त्यांच्यासह गच्चीवर जाऊन, पडद्यावरील वेळ व समोरचा सूर्य जुळतात का, ते पाहावे.