समुद्र निघून गेला, शहर मागं राहिलं

इफेससच्या प्रचंड खुल्या नाट्यगृहात अगदी वरच्या पायरीवर जाऊन बसलं, की समोर एक सरळसोट रुंद रस्ता दिसतो. ११ मीटर रुंद, अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त लांब, संगमरवरी फरशीचा. एके काळी त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या ओळी होत्या, त्यामागं दुकानं होती आणि रात्री दिवे लागायचे. ५० दिव्यांचा उल्लेख असलेला शिलालेखच इथं सापडला आहे. परगावचा माणूस जहाजातून उतरला, की याच रस्त्यानं शहरात शिरायचा. साहजिकच रस्त्याच्या टोकाला नजर समुद्र शोधू लागते. पण तिथं आहे फक्त दलदल आणि तिच्यात माजलेलं लव्हाळं. समुद्र केव्हाच पाच-सहा किलोमीटर मागं हटला आहे.

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, इझमीर शहराच्या दक्षिणेला सेल्चुक नावाचं लहानसं गाव आहे. त्याला लागूनच हे अवशेष पसरले आहेत. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे शहर ‘इफिस’ या नावानं ठाऊक असतं. सेंट पॉल इथं धर्मोपदेश करू लागला तेव्हा आर्टेमिस देवीची चांदीची देव्हारी घडवणारे कारागीर धंदा बुडेल म्हणून खवळले आणि देवीचा जयजयकार करत याच नाट्यगृहात घुसले, असं बायबलात म्हटलं आहे. नाट्यगृहात सुमारे २५ हजार माणसं मावायची. तिथला गोंगाट कसा असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

शहर ग्रीकांनी वसवलं, रोमनांनी सजवलं. अलेक्झांडरचा सेनापती लिसिमॅकस यानं इ. स. पूर्व ३००च्या आसपास ते आजच्या जागी हलवलं. लोक जुनी घरं सोडायला तयार होईनात. मग या गृहस्थानं मुसळधार पाऊस पाहून गावाची गटारं तुंबवली आणि घराघरात पाणी भरलं! लोक निमूटपणे नव्या जागी राहायला गेले. भूगोलकार स्ट्रॅबोनं नोंदवलेली ही हकिगत आहे.

पुढं रोमच्या ‘आशिया’ प्रांताची राजधानी होण्याचा मान इफेससला मिळाला. वैभव आलं ते बंदरामुळं. आणि त्या बंदराला पहिल्यापासून एकच दुखणं होतं, गाळाचं. कायस्ट्रोस नदी (आजची क्यूचुक मेंदेरेस) डोंगरातली माती आणून खाडीत टाकत होती. पर्गामनचा राजा दुसरा अटालस यानं इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात त्यावर तोड काढली. बंदराचं तोंड बांध घालून अरुंद केलं, तर आतलं पाणी खोल राहील आणि मोठी गलबतं आत येतील, असा त्याचा आणि त्याच्या स्थापत्यकारांचा हिशेब. झालं भलतंच! भरती-ओहोटीबरोबर जो गाळ बाहेर वाहून जायचा, तोही आतच अडकला. राजा गेला, बांध राहिला आणि गाळ वाढतच गेला.

नीरोच्या काळात एका रोमन सुभेदारानं गाळ उपसून बंदर मोकळं केलं. हेड्रियन बादशहानं नदीचा प्रवाहच वळवायचा घाट घातला. सगळा दोष नदीच्या माथी मारायचंही कारण नाही. इ. स. १४७च्या सुमारास अँटोनियस आल्बस या सुभेदारानं काढलेला एक हुकूम दगडावर कोरलेला सापडला आहे. धक्क्यावर लाकडं रचू नका, तिथं दगड कापू नका, असं त्यानं व्यापाऱ्यांना बजावलं आहे. लाकडांच्या ओझ्यानं धक्का खचत होता आणि दगड कापताना वापरायची कुरुंदाची पूड पाण्यात जाऊन बंदर उथळ होत होतं. हुकूम दगडावर कोरावा लागला, यावरून लोक तो कितपत मनावर घेत असतील हे कळतंच.

बहुतेक पर्यटक वरच्या दरवाजानं आत शिरतात आणि उतारावरून खाली येतात. ते सोयीचंही आहे, कारण उन्हाळ्यात संगमरवर तापतो, सावली फारशी नाही आणि दोन हजार वर्षं तुडवल्या गेलेल्या फरशा गुळगुळीत झाल्या आहेत. चपला घालून येणाऱ्याची इथं फजिती ठरलेली! उताराच्या शेवटी सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग समोर उभा ठाकतो आणि भराभर कॅमेरे बाहेर निघतात.

हे ग्रंथालय म्हणजे एका मुलानं वडिलांसाठी उभारलेलं स्मारक. सेल्सस हा या प्रांताचा सुभेदार. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा अक्विला यानं ही वास्तू बांधायला घेतली, ती इ. स. ११७च्या आसपास पूर्ण होत आली. ग्रंथखरेदीसाठी २५ हजार दिनार वेगळे ठेवल्याची नोंद इथल्या शिलालेखात आहे. सुमारे १२ हजार गुंडाळ्या इथं मावत असाव्यात, असा अंदाज आहे. त्यांना ओल लागू नये म्हणून भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. तळघरात सेल्ससची शवपेटी आहे. शहराच्या हद्दीत दफन होणं हा तेव्हा दुर्मीळ सन्मान होता. तिसऱ्या शतकात ग्रंथ आगीत गेले, पुढं भूकंपात दर्शनी भागही कोसळला. आज जे दिसतं, ते ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात तुकडा तुकडा जुळवून उभं केलेलं आहे. कोनाड्यातल्या चार स्त्रीमूर्ती मात्र प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात!

जवळच उतारावर श्रीमंतांची घरं आहेत. वेगळं तिकीट पडतं म्हणून पुष्कळजण ती टाळतात आणि चुकतात. छपराखाली जपलेल्या या घरांमध्ये भिंतींवरची चित्रं, जमिनीवरची रंगीत नक्षी आणि नळाच्या पाण्याची सोय पाहिली, की दगडांच्या या पसाऱ्यात खरोखर माणसं राहत होती, याची खात्री पटते. २०२२ साली तर डोमिशियन चौकाजवळ जळालेली दुकानंच उजेडात आली. वाडग्यांमध्ये खारवलेले मासे तसेच होते आणि एका ठिकाणी ख्रिस्ती यात्रेकरूंना विकायच्या सुमारे ७०० बुधल्या. नाण्यांवरून आगीचं साल इ. स. ६१४ किंवा ६१५ निघतं. म्हणजे बंदराची रड चालू असतानाही दुकानदारांनी दुकान मांडणं सोडलं नव्हतं. हळूहळू मात्र डास आणि हिवतापाच्या त्या सखल भागातून वस्ती अयासुलुक टेकडीकडे सरकली. आजचं सेल्चुक तिथलंच.

ज्या आर्टेमिस मंदिराची गणना जगातल्या सात आश्चर्यांत होत असे, ते याच गावाच्या कडेला आहे, किंवा होतं म्हणा. इ. स. पूर्व ३५६मध्ये हेरोस्ट्रेटस नावाच्या माथेफिरूनं निव्वळ नाव व्हावं म्हणून ते पेटवलं. त्याचं नाव उच्चारायलाही बंदी घातली गेली, तरी ते उरलंच! मंदिर पुन्हा उभं राहिलं, पुढं पडलं आणि गाळाखाली असं गडप झालं, की जागाही कुणाला सांगता येईना. रेल्वेच्या कामासाठी आलेला इंग्रज स्थापत्यकार जॉन टर्टल वूड १८६३पासून ते शोधत होता. नाट्यगृहातल्या एका शिलालेखात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिला होता. त्या मार्गानं खणत खणत तो ३१ डिसेंबर १८६९ रोजी सुमारे २० फूट चिखलाखाली मंदिराच्या फरशीपर्यंत पोचला.

आज तिथं जायला तिकीट लागत नाही. रोमन लेखक प्लिनीनं या मंदिराचे १२७ खांब मोजले होते. आता खणलेल्या खड्ड्यात तुकडे रचून उभारलेला एकच खांब दिसतो. पावसाळी दिवसांत त्याच्या पायाशी पाणी साचतं, त्यात बदकं पोहतात आणि वर, खांबाच्या माथ्यावर, करकोच्यांचं काटक्यांचं भलंमोठं घरटं असतं.