छपाईचं प्रदर्शन निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवं मशीन घ्यायचा विचार सुरू झाला की छापखान्यात पहिला प्रश्न निघतो, ‘यंदा प्रदर्शन कुठे आहे?’ खरं तर त्याआधी जॉबचं रजिस्टर उघडायला हवं. गेल्या सहा महिन्यांत काम कुठे अडलं? छपाईला, फोल्डिंगला, लॅमिनेशनला, की माल तयार होऊनही तो पार्टीकडे जायला? याचं उत्तर हातात असेल तर प्रदर्शन निवडणं सोपं जातं. उत्तर नसताना माणूस नाव ऐकून जातो, आणि इथूनच गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : ड्रुपा पाहिलं की सगळं पाहिलं.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरणारं ड्रुपा हे छपाईचं जगातलं सर्वांत मोठं प्रदर्शन आहे. ते 1951 मध्ये सुरू झालं आणि आता चार वर्षांनी एकदा भरतं. 2020 चं करोनामुळे आधी पुढे गेलं, मग रद्दच झालं. 2024 मध्ये ते 28 मे ते 7 जून असं अकरा दिवस चाललं आणि सुमारे 1,70,000 लोक आले. 2016 मध्ये हाच आकडा 2,60,000 होता. पुढचं 2028 मध्ये आहे. कागद, शाई, ऑफसेट, डिजिटल, पॅकेजिंग, बायंडिंग असं सगळं एका छताखाली मोठ्या प्रमाणावर पाहायचं असेल, किंवा काही कोटींची गुंतवणूक ठरत आली असेल, तर तिथे जरूर जावं. मात्र त्या दिवसांत ड्युसेलडॉर्फमधल्या हॉटेलांचे दर चढतात, त्यामुळे पुष्कळ जण कोलोन किंवा एसेनला उतरून रोज रेल्वेने येतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.

पण सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या छापखान्याला चार रंगी ऑफसेट किंवा फोल्डिंग मशीन घ्यायचं असेल, तर माझ्या मते देशातलं प्रदर्शन जास्त उपयोगाचं. मुंबईत गोरेगावच्या नेस्को मैदानावर पामेक्स भरतं, ग्रेटर नोएडाला प्रिंटपॅक. उद्या मशीन बंद पडलं तर ज्याला फोन करायचा, तो डीलर आणि त्याचा इंजिनिअर तिथे समोर उभा असतो. पामेक्सही दर वेळी मुंबईतच असतं असं मात्र धरू नये; 2023 मध्ये ते ग्रेटर नोएडाला होतं, 2024 मध्ये मुंबईत.

ज्यांचं काम एकाच प्रकारचं आहे त्यांनी तर सर्वसाधारण प्रदर्शनाआधी आपल्या शाखेचं प्रदर्शन पाहावं. लेबलसाठी लूप (2025 पर्यंतचं लेबलएक्स्पो), पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी इंडियाकॉर, फ्लेक्स आणि बोर्डांसाठी मीडिया एक्स्पो. बँकांची स्टेटमेंट आणि बिलं छापणाऱ्यांसाठी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचे ‘हुंकलर इनोव्हेशन डेज’ आहेत. आकाराने ते ड्रुपापुढे फारच लहान. पण रोलवर डिजिटल छपाई, लगेच कटिंग, घडी आणि पुढची बांधणी ही सलग साखळी तिथे प्रत्यक्ष चालताना दिसते.

गैरसमज : जुनं, नावाजलेलं प्रदर्शन म्हणजे खात्री.

ब्रिटनचं आयपेक्स एकेकाळी ड्रुपाच्या खालोखाल गणलं जायचं. 2014 मध्ये ते बर्मिंगहॅमहून लंडनला नेलं आणि हायडेलबर्ग, एचपी यांच्यासारख्या बड्या कंपन्यांनीच माघार घेतली. 2017 नंतर ते भरलंच नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या प्रदर्शकांची यादी वाचावी. आपल्याला हवे असलेले तीन-चार उत्पादक यादीत नसतील, तर बाकीच्या गर्दीचा आपल्याला काही उपयोग नाही.

गैरसमज : प्रदर्शनात चालताना पाहिलं म्हणजे मशीन बाजारात आलं.

2012 च्या ड्रुपात इंडिगो या डिजिटल छपाईयंत्रांच्या कंपनीचे संस्थापक बेनी लांडा यांनी नॅनोग्राफी हे छपाईचं तंत्र मांडलं. स्टॉलपुढे गर्दी लोटली, शेकडो छपाईदारांनी खरेदीची इच्छा लिहून दिली. ग्राहकाच्या कारखान्यात पहिलं मशीन बसायला 2017 उजाडलं. संशोधनाला वेळ लागतो, त्यात गैर काही नाही. पण आपलं कर्जाचं आणि जागेचं गणित अशा मशीनवर बांधता येत नाही. स्टॉलवर विचारायचं ते असं : भारतात हे मशीन कुठे चालतंय? तिथे जाऊन पाहू द्याल का? इंजिनिअर कोणत्या शहरातून येतो आणि सुटे भाग कुठे साठवलेले असतात?

गैरसमज : ताशी जास्त शीट, म्हणजे जास्त काम.

डेमोत मशीन भरधाव पळतं आणि नजर त्यावरच खिळते. हिशोब करू. हजार शीटांचा जॉब ताशी 10,000 च्या वेगाने सहा मिनिटांत होतो, ताशी 15,000 ने चार मिनिटांत. वाचली दोन मिनिटं. प्लेट बदलून, रंग आणि रजिस्टर जुळवून पहिली चांगली शीट यायला जर वीस मिनिटं जात असतील, तर खरी बचत त्या वीस मिनिटांत दडली आहे. ज्यांच्याकडे हजार-दोन हजारांचे जॉब जास्त येतात त्यांनी डेमोत ‘आता दुसरा जॉब लावून दाखवा’ असं सांगावं आणि घड्याळ पाहावं. वाया गेलेल्या शीटाही मोजाव्यात. शक्य असेल तिथे आपलाच कागद आणि आपलीच फाइल न्यावी. कंपनीचा नमुना गुळगुळीत, जाड आर्ट पेपरवर खुलतोच. आपल्याला छापायचं असतं ते 60 जीएसएम मॅपलिथोवर.

गैरसमज : टपालाचं काम करणाऱ्याने परदेशातली टपाल-प्रदर्शनं पाहायलाच हवीत.

छपाईचं तंत्र देशोदेशी सारखं असतं, टपालाचे नियम तसे नसतात. अमेरिकेतला नॅशनल पोस्टल फोरम त्यांच्या टपाल खात्याचे बारकोड, वर्गवारी आणि दरसवलती यांभोवती उभा आहे. दिवाळी अंक किंवा मासिकाच्या वर्गणीदारांचं टपाल पाठवणाऱ्या आपल्या छापखान्याला त्यातलं फार थोडं लागू पडतं. आपल्याकडे सहा आकडी पिनकोड चालतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून लागू आहे. नियमही बदलत राहतात : 1 मे 2025 ला पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आलं, त्याच वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. हे बदल समजून घ्यायचं ठिकाण म्हणजे आपलं मुख्य डाकघर. पत्ते छापणारी इंकजेट हेड, पाकिटं भरणारी आणि अंक गुंडाळणारी यंत्रं देशातल्या छपाई प्रदर्शनांत बायंडिंगच्या स्टॉलांजवळ शोधावीत.

गैरसमज : प्रदर्शनातली सवलत पुन्हा मिळत नाही.

अशी सवलत बहुतेक वेळा नंतरही मिळते, विचारून पाहावं. महत्त्वाचा आहे तो पाच वर्षांचा एकूण खर्च : डिजिटल मशीनचा क्लिक चार्ज (छापलेल्या प्रत्येक पानामागे द्यावी लागणारी रक्कम), शाई, सुटे भाग, देखभालीचा करार. तो लेखी घेऊन घरी यावं आणि मगच सही करावी.

गैरसमज : प्रदर्शन हे मालकाचं काम.

फीडर कुठे अडकतो, रोलर धुवायला किती वेळ जातो, कोणती झडप उघडताना पाठ वाकवावी लागते हे मशीनमनला ठाऊक असतं. बायंडरला घडीची चूक दुरून दिसते. रोज मशीनवर उभे राहणारे हेच लोक, आणि प्रदर्शनात मात्र त्यांना क्वचितच नेलं जातं. हे मला मनापासून खटकतं. परदेशचा खर्च झेपणार नाही, हे मान्य. पण गोरेगावला मुंबई-ठाण्याहून लोकलने जाता येतं, पुण्या-नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येतं. पुढचं प्रदर्शन मुंबईत भरेल तेव्हा तुमच्या मशीनमनला आणि बायंडरला भरपगारी सुट्टी देऊन सोबत न्या, आणि परतल्यावर त्यांचं मत ऐकल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.